फुलचूरची खोली, दुर्बीण आणि सुमित्रा

ता. ९ मार्च १९३८

दादांस आणि घरच्या सर्वांस. चार वर्षांनी माझ्या हातचे काही तुमच्यापर्यंत येत आहे, आणि तेही मृत्युपत्र. इतके दिवस गप्प राहिलो याची क्षमा असावी.

मी, शालीकराम दसाराम कापगते, वय सेहेचाळीस, शिक्षक, मूळ राहणार अर्जुनी मोरगाव, हल्ली मुक्काम फुलचूर, हे कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. क्षयाने छाती पोखरली आहे. डोके शाबूत आहे असे डॉक्टर म्हणतात; माझीही तशी समजूत आहे. पत्नी पहिल्याच बाळंतपणात बाळासह गेली. मागे थोरले बंधू केवळराम आणि विधवा बहीण सुमित्रा.

१. अर्जुनीचे घर व धानाची जमीन सामाईक आहे. त्याबद्दल लिहिण्याचा मला अधिकार नाही, इच्छाही नाही. ती दादांकडेच राहावी.

२. फुलचूरची कौलारू खोली व पुढचे अंगण मी पगारातून केले. ते सुमित्राला. तेथून तिला कोणी उठवू नये. दादा, आपले भांडण हिच्यावरूनच झाले. तुम्हाला तिचा पाट लावून तिचा संसार पुन्हा उभा करायचा होता. ती नको म्हणाली आणि मी तिला इकडे आणले. तुमचा हेतू वाईट नव्हता. हे आज कळते असे लिहिणार होतो, पण तेव्हाही कळत असावे.

३. तीन इंची दुर्बीण तिपाईसह सुमित्राला. कारण सांगतो. अर्जुनीला असताना सकाळी कामाला निघणाऱ्यांसमोर विधवेचे तोंड नको, म्हणून तिला परसात धाडत. सुट्टीत मी तेथेच दुर्बिणीतून सूर्याचे बिंब कागदावर पाडून त्यावरचे डाग पेन्सिलीने उतरवीत असे. या कामाला सकाळची स्थिर हवाच लागते. ती आधी कागद धरू लागली, मग स्वतः काढू लागली. शकुंतलावहिनी एकदा म्हणाल्या, "काऊन वं, सूर्याचे डाग पाहून राहिली का? आपल्या कपाळाचा कमी पडला?"

सुमित्रा पेन्सिल न थांबवता म्हणाली, "त्याचे सरकतेत तरी, वहिनी. माहा तिथंच आहे, पाहून घ्या."

वहिनी हसल्या. मग तिथेच बसून रडल्या.

४. म्हणून माझ्या पत्नीच्या हातातले चांदीचे गोट शकुंतलावहिनींना.

५. आमची चित्रे विलायतेतील सूर्यनिरीक्षकांच्या मंडळाकडे जातात. अहवालात 'कापगते, फुलचूर' एवढेच छापतात. माझा हात कापू लागल्यापासून सगळी चित्रे सुमित्राची आहेत. तसे मंडळाला कळवले आहे. पावसाळ्यात ढगांमुळे जो खंड पडतो त्याला इलाज नाही. माझ्यामुळे खंड पडू नये. मी जाईन त्या सकाळी आकाश मोकळे असेल, तर तिला आधी चित्र काढू द्यावे. मग मला उचलावे. सुतकाची सबब कोणी सांगू नये.

साक्षीसाठी शेजारचे बकाराम व निवृत्त पोस्टमास्तर केशोराव आले. त्यांना वरील मजकूर वाचून दाखवला. सुमित्रा त्या वेळी विहिरीवर होती.

बकाराम म्हणाले, "सारं बराबर आहे गा मास्तर. पण बाईले पुसलं का? तुमच्या मागं एकटीनं इथं राहाचं आहे का तिले?"

"ती नाही कशाला म्हणेल?"

"तुमच्या दादालेबी असंच वाटलं होतं ना?"

केशोरावांनी टाक दौतीत बुडवला आणि सही करू का, म्हणून विचारले. मी होकारार्थी मान डोलावली. दोघांनी सह्या केल्या.

सही: शालीकराम दसाराम कापगते
साक्षीदार: बकाराम सोमाजी लांजेवार
केशोराव गणपतराव डोंगरवार
स्थळ: फुलचूर, जिल्हा भंडारा

उद्या: सुमित्राला विचारणे.