बाळाच्या खुराकातल्या गोळ्या

प्रिय सुदाम,

सात वर्षं 'अहो'शिवाय हाक मारली नाही. आज नुसतं नाव लिहितेय, इतका राग आलाय. दादाकडे अंबरनाथला मी बरी आहे. आपली चिमी शेळी व्यायली, दोन करडं झाली, हे शेजारच्या शीलाने फोनवर सांगितलं. आधी आनंद झाला, मग बराच वेळ रडत बसले.

आठवतं ना, पालेगावच्या शेडमध्ये आपल्या नऊ शेळ्या पुन्हा पुन्हा माजावर यायच्या, एकही गाभण राहीना. तू त्या विकायलाच निघाला होतास. हरिचंद्र डॉक्टरांनी आधी बोकड तपासला आणि म्हणाले, शेळ्यांना कशाला नावं ठेवता, खोट याच्यात आहे, अंगात झिंक कमी पडलंय. रोजच्या खुराकात मिनरलची पावडर घाला, दोन-अडीच महिने धीर धरा. तू किती मोकळेपणाने ऐकलंस! बोकडाच्या पाठीवर थाप मारून 'होतं रे असं कधीकधी' म्हणालास. घरात मूल नाही म्हणून त्याचं नाव 'बाळा' ठेवणारा तू. मला वाटलं, केवढा समजूतदार नवरा मिळालाय.

मग एकदा पावडर संपली. शेडमधल्या पत्र्याच्या डब्यात, रिकाम्या पिशवीखाली मला गोळ्यांची पाकिटं मिळाली. वर झिंक लिहिलेलं. बाळाचीच असणार, म्हणून मी रोज दोन कुटून त्याच्या भरड्यात घातल्या. वेडीच मी! गोळ्या कमी होत गेल्या तरी तू काही विचारलं नाहीस. विचारणार तरी कोणत्या तोंडाने? पाकिटावर उल्हासनगर कॅम्प पाचच्या मेडिकलचा शिक्का होता. बोकडासाठी अजून द्या म्हणून मी तिथे गेले, तुझं नाव सांगितलं, तर दुकानदार हसायलाच लागला. म्हणाला, "दीदी, ये बकरे का नहीं, आदमी का है, बच्चा होने के लिए. सुदामभाई तो चार साल से ले जाते हैं."

चार वर्षं, सुदाम. तुझा रिपोर्ट चांगला आला असं तू मला सांगितलंस, आणि माझ्याच तपासण्या होत राहिल्या. अस्मितावन्संच्या मुलीच्या नामकरणाला आईंनी मला पाळण्याला हात लावू दिला नाही. तू पेढ्यांचा बॉक्स धरून तिथेच उभा होतास. अरे, कमी असणं हा काय गुन्हा आहे? मला सांगितलं असतंस तर रोज मीच पाण्याचा पेला घेऊन तुझ्यासमोर उभी राहिले असते. तू बोकडाला सांभाळून घेतलंस आणि मला पुढे केलंस. हा विश्वासघात मला गिळवत नाही.

परवा फारकतीचे कागद आले. सही करून सोबत पाठवतेय, कारण आता मलाच तुझ्याबरोबर राहायचं नाही. फक्त 'पत्नीला मूल होऊ शकत नाही' ही ओळ मी खोडलीय. रविवारी तू हेंद्रेपाड्याला प्रीतीला बघायला जाणार, हेही शीलाकडून कळलं. त्यासाठीच हे पत्र. निघण्याआधी ते आईंना वाचून दाखव आणि तिथे गेल्यावर प्रीतीला स्वतःच्या तोंडाने सगळं सांग. नाही सांगितलंस तर मी तिथे येईन. रिकामं पाकीट माझ्या पर्समध्येच आहे. उद्या त्या पोरीलाही कुणी पाळण्यापासून मागे ढकलेल आणि तू बॉक्स धरून उभा राहशील, ते मी होऊ देणार नाही.

तुझीच असं आता लिहवत नाही,
अंजना