पुढील आसनाबाबत

उमा गंगाधर परचुरे हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. (नावाआधी ‘कै.’ लिहिणे रीतीस धरून झाले असते. हात वळला नाही.) तुझ्या प्रकृतीची चौकशी आता अप्रस्तुत असली, तरी सवयीने करीत आहे. माझी बरी आहे.

शासनाच्या सहप्रवास योजनेत मी आपल्या गाडीची नोंद केली. सांगलीकरांनी आपापली वाहने विश्रामबागेपुढील सरकारी वाहनतळावर ठेवावीत आणि चौघांनी मिळून एका गाडीने साताऱ्यास जावे, असा हा स्तुत्य उपक्रम. आज मागे दोघे बसले: जतचे मेंढपाळ बिराप्पा, आणि मांडीवर घुगऱ्यांचा डबा घेऊन भाचीच्या बारशाला निघालेल्या चंद्राबाई. (आत्या पोहोचल्याखेरीज मुलीला नाव मिळत नाही, हे तू जाणतेसच.) माझ्या शेजारचे आसन अर्थातच तुझे.

वाहनतळावरचे पहारेकरी बाळासो यांनी चौथा प्रवासी कोण, असे विचारले. मी तुझे नाव सांगितले. त्यांनी खिडकीतून वाकून पाहिले. “बाई दिसत न्हाईत, सर.” मी म्हणालो, त्या हयात नाहीत. मग मागून चंद्राबाई म्हणाल्या, “आवं, मग त्यास्नी म्हणावं जरा सरका, माझा डबा ठिवायचाय.” बिराप्पा इतके हसले की गाडी हलली. आणि मी, उमा, कित्येक महिन्यांनी हसलो, तेही मोठ्याने.

परंतु तिघांवर गाडी सोडता येत नाही. योजनेबाहेर जाऊ, असे बिराप्पांनी सुचवताच मी त्यांना नियम वाचून दाखवला. “तिकडं पोरगी बिननावाची पडलीया, आन् सर कागद वाचत्यात,” चंद्राबाई म्हणाल्या. हे मात्र लागले. बाळासोंची रात्रपाळी संपलीच होती. मीच दार उघडून त्यांना तुझ्या जागी बसण्याची विनंती केली.

बाळासो देहाने पैलवान. गुडघे थेट हनुवटीशी. आसन मागे सरकवण्यास मी संमती दिली ती कराड ओलांडल्यावर. तोवर ते बिनतक्रार शेंगा खात होते (टरफले अद्याप सापडत आहेत). बारसे वेळेत झाले. मला पाळणा म्हणण्याचा आग्रह झाला. मी त्याऐवजी दोन शब्द बोललो, ते लांबले, आणि मुलगी झोपली.

तुझा,
गंगाधर

ता. क. पत्राचे खरे कारण असे की, आसन तुझ्या वेळी नेमके कुठवर पुढे होते, ते मला आता जुळवता येत नाही. पुढच्या खेपेस बाळंतिणीला पाहायला जाताना चंद्राबाई तेथे बसू म्हणतात. त्यांना ‘हो’ म्हणू का?

ता. क. २. उत्तराची वाट न पाहता ‘हो’ म्हटले आहे. ही ओळ गाडीत लिहीत आहे; पत्र मात्र बाळासोंच्या पहाऱ्याच्या खोलीत, त्यांच्याकडून किल्ल्या घेऊन लिहिले. दिवा मालवून दाराला कुलूप लावले; किल्ल्या बाळासोंकडे परत दिल्या.