दुर्बिणीत दिसलेलं

रत्नागिरी,
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

चि. आरोहीस आजीचा आशीर्वाद.

तुला एक आजी आहे, नाव तुळसा, जन्मभर मासे विकून गिऱ्हाइकांना उलट बोलणारी. आठवली का? नैरोबीच्या विमानतळावर म्हणालीस, "पोचलीस की लगेच फोन करते." मी पोचले, पायाची सूज उतरली, अंगणात घातलेली सुकट वाळून डब्यात गेली, तुझा फोन अजून येतोच आहे. एवढी शिकलीस, पण विसरभोळी ती विसरभोळीच.

इकडे सगळं बरं. तुझा बाबा विनोद मिरजोळ्याच्या कारखान्यात पाळीला गेलाय. मला अक्षर येत नाही, म्हणून तुझी आई लिहिते आहे. सांगेन ते सगळं लिहायचं, मधलं गाळायचं नाही, असं तिच्याकडून आधीच कबूल करून घेतलंय.

तुमच्याकडचे पक्षी सांगून सांगून माझा घसा बसला. शहामृग ऐकून शेजारची धोंडूबाई म्हणते, "एवढं कोंबडं? रस्सा किती होईल गो!" मग सोनेरी तुऱ्याचे करकोचे सांगितले, आणि तो उंच पायांचा, सापाला लाथा घालून मारणारा. त्याचं नाव तू सांगितलं होतंस, मी विसरले. माझ्या वयाला ते चालतं.

त्या दिवशी तुझ्या नवऱ्याने, शुभंकरने, माळावर गाडी थांबवली, खाली उतरायची परवानगी होती तिथे. तू मला खुर्ची मांडून दिलीस, गळ्यात दुर्बीण घातलीस आणि म्हणालीस, "आजी, गवतावर नजर ठेव. हलू नको." मी हलले नाही. तो लाथाड्या गवतात पाय आपटत होता. तू थर्मास आणायला गाडीकडे गेलीस. पक्षीही चालत चालत तिकडेच सरकला. त्याच्यामागे मी दुर्बीण फिरवली.

तुझी आई विचारते, "थांबलात का?" थांबले नाही. लिही.

पक्ष्याच्या मागे गाडी होती. गाडीच्या आडोशाला शुभंकरने तुझा हात पाठीमागे पिरगळून धरला होता. तू ओठ दाबून उभी. दुर्बीण आपल्याकडे वळलीय हे त्याला दिसलं, तसा त्याने दुसरा हात वर करून मला टाटा केला. हसला. तुझा हात सोडला नाही.

मग तू आलीस, मला चहा दिलास आणि मघाच्याच करकोच्याला बगळा म्हणालीस. पक्ष्याच्या नावात तू कधी चुकली नव्हतीस. एवढ्या उन्हात मनगटापर्यंत बाह्या का घालतेस, तेही मग कळलं. परत निघताना माझ्याखालची सीट ओली लागली. चहा सांडला होता. एवढ्यासाठी त्याने हात पिरगळला.

तिथे मी बोलले नाही. गाडीची किल्ली त्याच्याकडे होती आणि तुला त्याच्यापाशी ठेवून मला यायचं होतं. माझ्या बोलण्याचं उट्टं त्याने तुझ्यावर काढलं असतं. म्हणून गाडीत मी माकडांवर विनोद करत बसले. तोही हसत होता.

आईने पेन खाली ठेवलंय. "मला का नाही सांगितलंत?" म्हणते. अगो, दिवाळीत पोरगी फोनवर काहीतरी सांगू बघत होती, तेव्हा "परका मुलूख आहे, जमवून घे" कोण म्हणालं? हेही लिही.

लिहिलं तिने. नवा कागद घेतलाय.

आता नीट ऐक. हे पत्र आणणारी वेदिका मंडणगडची, नैरोबीच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून लागली आहे. शुभंकर कामावर गेल्यावरच ती तुझ्याकडे येईल. वाचून झालं की पत्र तिच्याकडेच परत दे, घरात ठेवू नको. तुझा पासपोर्ट त्याच्या कपाटात आहे म्हणून घाबरू नको. दुसरा काढता येतो, मी विचारून घेतलंय. विनोदचा पासपोर्ट तयार आहे. माझ्याबरोबर यायला म्हणून काढला होता, तेव्हा रजा मिळाली नाही. आता रजा मागत बसणार नाही तो, सरळ निघेल. संध्याकाळी घरी आला की त्याला मीच सांगणार.

तुझी आई म्हणते, "लोक काय म्हणतील ते मी बघते. तिला म्हणावं, ये." हे मी सांगितलेलं नाही, तिचं तिने लिहिलंय.

पण निघायचं की नाही, हे तुझं तू ठरव. रविवारी फोन कर. तो शेजारी बसेल, स्पीकर लावायला सांगेल, लाव. खायला काय पाठवू, असं मी विचारेन. फणसपोळी म्हणालीस तर फणसपोळी पाठवीन, आणि पुढच्या रविवारी पुन्हा विचारीन. पण बाबा तुला न्यायला यायला हवा असेल, तर कुळथाचं पीठ सांग. जन्मात कधी कुळथाच्या पिठीला तोंड लावलं नाहीस, तेव्हा ते चुकून तुझ्या तोंडून जायचं नाही. शुभंकरला काय कळतंय! मोठ्याने सांग गो बाय. "आजी, कुळथाचं पीठ पाठव, आणि लवकर पाठव."

अंगठा माझा, अक्षर तुझ्या आईचं.
तुझी आजी