ओरडू नये

५ जानेवारी, रविवार

उद्यापासून ड्युटी! डॉक्टरांनी फिटनेसचा दाखला दिला. खाली एक ओळ वाढवली— "ओरडू नये." कामावर गरजेपुरतं बोला म्हणाले, तेही हळू. घरी आलात की पूर्ण गप्प. कुजबुजायचंही नाही, त्यानं गळ्याला उलट जास्त ताण पडतो.

म्हणून ही वही. बोलता येत नाही तर लिहीन तरी. नाही तर फुटेन!

घशातल्या गाठी काढून महिना उलटला, पण आवाज परत आला नाही. निघतो तो फुटक्या सायलेन्सरसारखा— फर्रर्र, अन् बंद. मी एसटीत कंडक्टर. मी दारव्ह्याच्या स्टँडवर "मागं सरका!" म्हटलं की दिग्रसचे लोक मागं सरकत. आता हे असं.

घरात दोन आवाज होते, एक माझा, एक सासूबाईंचा. तिसरा अश्वजितचा, आमच्या नवऱ्याचा. तो वापरात नाही.

६ जानेवारी, सोमवार

डेपोच्या साहेबांनी फिटनेस दोनदा वाचला. "कंडक्टरनं ओरडू नये? म्हणजे म्हशीनं शेपूट हलवू नये!" मग म्हणाले, "चौकशीच्या खिडकीत बसा. हलकं काम."

खिडकीत! तिथं तर दिवसभर बोलायचंच काम! हे सांगायला तोंड उघडलं— फर्रर्र. साहेब दचकले. शेवटी कागदावर लिहून दिलं. वाचून त्यांनी कागदाची घडी घातली.

"बरं. आठवडाभर तुमचीच दिग्रस गाडी करा. पण तक्रार आली तर आत बसून फायली लावायच्या. कायमच्या."

फायली! मी रस्त्यावरची बाई. खोलीत पंख्याखाली बसले तर मला उन्हाळ्यात झोप येईल, हिवाळ्यात रडू.

७ जानेवारी, मंगळवार

अश्वजितनं खेळाच्या दुकानातून शिट्टी आणून दिली. मोठ्या कौतुकानं गळ्यात घातली. लोहाऱ्याच्या थांब्यावर जोरात फुंकली. ड्रायव्हर लालसिंगभाऊंना वाटलं पोलीस. त्यांनी गाडी बाजूला घेऊन कागदपत्रं काढली. शेजारच्या मोटारसायकलवाल्यानं डोक्यावर हेल्मेट चढवलं. शिट्टी पिशवीत गेली.

दुसरी गंमत म्हणजे लालसिंगभाऊच! इतकी वर्षं माझ्यासोबत गाडी चालवतात, "हूं"च्या पुढं शब्द ऐकला नव्हता. आज लोहारा सुटलं अन् जे सुरू झाले! तुरीची शेंग, तांड्यातलं भांडण, जावयाची मिशी. दारव्ह्याला चहा पिताना हळूच विचारलं, "भाऊ, आजवर काहून नाही बोलले?"

"जागा कुठं होती, ताई?"

चहा गोड होता. तरी कडू लागला.

८ जानेवारी, बुधवार

झाली! तक्रार झाली!

बोरीला उतरणारे एक मफलरवाले गृहस्थ कानावर मफलर बांधून झोपले. मी थांबा सांगितला, पण सांगितला म्हणजे काय, ओठ हलवले. हे जागे झाले ते पार दारव्ह्याला. "कंडक्टर मुकी आहे का? लेखी तक्रार करतो!"

त्यावर मागच्या सीटवरून मानीबाई उठल्या. तांड्यावरच्या म्हाताऱ्या, रोज हरभऱ्याची भाजी घेऊन दारव्ह्याच्या बाजाराला येतात. "ए मफलर! झोपा तू काढतं, अन् तक्रार बाईची?"

मफलर उतरले. बोट दाखवत दाखवत उतरले.

जेवले नाही. सासूबाईंनी ताट झाकून ठेवलं. असं कधी झालं नव्हतं.

९ जानेवारी, गुरुवार

मानीबाई आज पहिल्या सीटवर. म्हणाल्या, "तू तिकिटं फाड. बोंबलाचं काम मायं." मी त्यांना याडी म्हटलं, त्यांच्या बोलीत आई. खूश!

पण याडी नुसता थांबा सांगत नाहीत. "बोरी आली! उतरा! ज्याच्या पोरीले पाहाले पाहुणे येऊन राह्यले त्यानं लवकर उतरा, घरी साखर नाई!" एक माणूस खरंच पळत उतरला. "ओ काळी पिशवी, मागं सरक! तुयी बायको मागंच उभी हाय, भेव नोको!"

गाडी हसून हसून वाकडी झाली.

संध्याकाळी भाजी निवडत बसले होते. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. मला वाटलं, आता देठांवरून ऐकवतील. एकदम म्हणाल्या, "तुह्या सासऱ्याच्या आधी मले एक जण पाहून गेलता. नेरचा. फोटो काढाचं दुकान होतं त्याचं."

मी मान वर केली. वीस वर्षांत ही गोष्ट ऐकली नव्हती!

"अशी पाहू नोको. ऐक नुसती. तू पह्यले ऐकतच कुठं होती?"

एवढंच सांगून चुलीपाशी गेल्या.

१० जानेवारी, शुक्रवार

नेरवाला सावळा होता. दात पांढरे. सासूबाईंचा फोटो त्यानं स्वतः काढला, "हसू नोका" म्हणाला, म्हणून त्या हसल्या. घरच्यांनी नाही म्हटलं, माणूस फिरस्ता वाटतो म्हणे. मग वच्छलाबाईंनी— आमच्या सासूबाईंनी!— घरी सांगितलं बांगड्या भराले जाते, अन् एकट्या एसटीत बसून नेरला गेल्या. "अर्धी वाट उभी होती. कंडक्टर तुह्यासारखाच बोंबलत होता."

पुढं? तेवढ्यात अश्वजित आला. विषय एकदम मिठावर गेला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा बाहेर गेला. पण उपयोग झाला नाही.

११ जानेवारी, शनिवार

साहेब स्वतः दारव्ह्याहून गाडीत चढले. हातात मफलरची तक्रार. गाडी गच्च.

"कंडक्टरचा आवाज येत नाही अशी तक्रार आहे. कोणाला त्रास आहे?"

मग काय! सगळी गाडी एकदम बोलायला लागली. कोणाचं पोर मी पाण्यात भिजू दिलं नव्हतं, कोणाची सुटलेली पिशवी परत दिली होती. काही जण उगाच भाड्याबद्दल बोलत होते. लालसिंगभाऊंनी गाडी बाजूला लावली, उठून उभे राहिले अन् भाषण सुरू केलं. थांबेचनात. याडी सर्वांच्या वरून— "साहेब, तुमाले काय तिचं लग्नात गाणं ठेवाचं हाय?"

साहेब दाराकडे यायला निघाले तर कोणी वाट देईना. "मागं सरका! अहो, मागं सरका!" ओरडून ओरडून त्यांचाच आवाज बसला. दारात पोचले तेव्हा माझ्यासारखेच, फर्रर्र.

घसा धरून एवढंच म्हणाले, "गाडी... तुमचीच."

मी डबल बेल दिली. इतकी कडक कधी दिली नव्हती.

१२ जानेवारी, रविवार

सुट्टी. अश्वजितनं पोहे केले. तिखट झाले. कोणी काही बोललं नाही, म्हणून तो दिवसभर काळजीत.

सासूबाई दुपारी फोटोच्या दुकानापर्यंत पोचल्या. दार लावलेलं. आतून कोणाचं तरी हसू येत होतं. "म्या कडी वाजवली..." अन् डोळा लागला त्यांचा! बसल्या बसल्या!

१३ जानेवारी, सोमवार

सकाळी न्हाणीत घसा खाकरला अन् आवाज आला. पूर्ण. पहिल्यासारखा, घागरीत घुमणारा. सगळ्या आळीला हाक मारणार होते. बाहेर आले, तर सासूबाई पाटावर बसून वाट पाहत होत्या. "ये, बस. दार उघडलं त्यानं..."

मी तोंड मिटलं. बसले.