गूळ खाण्याआधी

वणी,
दि. १० जानेवारी २०२५

चि. रंजिता हिस,

भिया प्रेमचा जय सेवालाल व अनेक आशीर्वाद. वि. वि. मी येथे खुशाल आहे, पण फार रागात आहे. घरच्या फोनवरच बोललो असतो, पण तो फोन बाच्या खिशात राहतो आणि स्पीकर लावल्याशिवाय बाला बोलता येत नाही. मग तुझी दुखणी अख्ख्या तांड्याने ऐकायची. म्हणून हे पत्र तुझ्या मैत्रिणीच्या, नलूच्या, अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकतो. तिने ते तुझ्याच हातात द्यावे, असे तिला बजावले आहे.

तू कापूस वेचताना शेताच्या धुऱ्यावर चक्कर येऊन पडलीस, हे मला नलूने सांगावे? आणि याडीने, आपल्या सख्ख्या आईने, तिला सांगितले की पोरीले ऊन लागलं. जानेवारीत ऊन! मी याडीला फोन करून खोदून विचारले, तेव्हा खरे बाहेर आले. सोमवार, गुरुवार, शनिवार उपास आणि मधल्या दिवशी एक वेळ जेवण. वर मलाच म्हणते, डाक्टरीणबाईनंच त सांगतलं का वजन कमी करा; उपासानं देवही पावते अन् वजनही उतरते, एकाच खेपेत दोन कामं.

यवतमाळच्या दवाखान्यात तुझ्या बाजूला मी बसलो होतो, याडी नव्हती. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीचा कागद समोर धरून सांगितले की हा पीसीओएस आहे, म्हणून पाळी चार-चार महिने येत नाही, हनुवटीवर केस येतात आणि वजन चढते. घाबरू नका, म्हणाल्या. चौऱ्याहत्तर किलोतले पाच-सहा किलो सावकाश उतरले तरी पुष्कळ जणींची पाळी पुन्हा मार्गावर येते. उपाशी राहा, असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, अंडी, पालेभाजी पोटभर खा, साखर, तळलेले आणि बेकरीचे सोडा, रोज चाला. मी दोनदा विचारून घेतले होते. सांगितले काय आणि घरात चालले काय?

बाला विचारले तर तो म्हणतो, भीमसिंग चव्हाणाची माणसं पोरगी पाहाले येऊन राह्यली, तोवर ते जराशी बारीक दिसली पाहिजे. म्हणजे दुखणे तुझे आणि घाई पाहुण्यांची!

मी नोकरी करतो त्या गाड्या तोलायच्या काट्यावर कोळशाची गाडी घेऊन येणारा शाम ड्रायव्हर येत्या आठवड्यात घाटंजीकडे जाणार आहे. त्याच्यासोबत वजनाचा लहान काटा पाठवतो. दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, सपाट फरशीवर उभे राहायचे आणि आकडा मला कळवायचा. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ठेवू नको, आकडा चुकतो. चहा बिनसाखरेचा. बटाटा नाही, साबुदाणा नाही, केळी नाहीत.

पोटभर जेव. माझा राग आला तरी उत्तर लिही.

तुझा भाऊ,
प्रेम


तांडा, ता. घाटंजी,
दि. २७ जानेवारी २०२५

ती. भियास,

रंजिताचा साष्टांग नमस्कार. वि. वि. काटा सुखरूप पोहोचला. तुझ्या आज्ञेप्रमाणे तो फरशीवर ठेवला, पण फरशी तांड्यात फक्त अंगणवाडीत आहे. त्यामुळे रविवारी सकाळी मी एकटी नव्हते. तांड्याच्या नायकाची बायको चढली, तिच्या दोन्ही सुना चढल्या, आणि अमरसिंगकाका विकायचा बकरा काखेत घेऊन चढला, मग बकरा सोडून चढला आणि वजाबाकी नलूकडून करून घेतली. बकऱ्याचे वजन ऐकून गिऱ्हाईक तिथेच भांडले. एवढे झाल्यावर माझा नंबर आला. शहात्तर भरले. वाढले आहे, भिया. आता ओरड.

ओरडण्याआधी ऐक. उपासाला मी काय खात होते ते याडीने तुला सांगितले नसेल. सकाळी साखर घातलेला चहा दोनदा, दुपारी शेंगदाण्याच्या कुटातली साबुदाण्याची उसळ ताटभर, संध्याकाळी तळलेला बटाटा आणि राजगिऱ्याचा लाडू. भाकरी तेवढी चालत नाही, देव रागावतो. आणि मधल्या दिवशी एका वेळेच्या जेवणावर दिवसभर कापूस वेचायचा. म्हणून पडले. मी याडीला हे सगळे समजावले. ती म्हणाली, आमी तुमाले जनलं तवा कोनती सोनोग्राफी होती? मी म्हटले, तू तेव्हा ज्वारी खाऊन कोसभर डोक्यावर पाणी वाहत होतीस. त्यावर तिने मला लठ्ठ म्हटले. उपास मात्र बंद केले. आता दोन वेळा भाकरी-वरण खाते आणि संध्याकाळी नलूबरोबर पाझर तलावापर्यंत चालते. आम्हाला पाहून बाया विचारतात, पोरींनो, काय हरवलं?

पाहुणे येऊन गेले. भीमसिंग, त्यांची बायको विजयमाला आणि मुलगा ऋतिक. त्याचे घाटंजीला मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. मुलगा बरा वाटला. मी बारावीनंतर काय केले, असे त्याने मलाच विचारले, बाला नाही. त्यांना मी पसंत आहे. होळीनंतर गूळ खायचा ठरला.

माझे म्हणणे एकच आहे. पंचांसमोर गूळ खाल्ला की सोयरीक पक्की. त्याआधी त्यांना माझा आजार सांगायचा. बाला म्हटले तर तो ताटावरून उठला. म्हणाला, पाय वाकडा असता त दिसला असता. जे दिसतच नाही ते कायले सांगाचं? भिया, हे मला सांगू देत नाहीत. तू मोठा आहेस, तू सांग.

वाट पाहते. तुझ्या खोलीतल्या कोळशाच्या धुळीत तब्येत जप.

तुझी,
रंजिता


वणी,
दि. ६ फेब्रुवारी २०२५

चि. रंजितास आशीर्वाद. वि. वि. पत्र मिळाले. शहात्तर वाचून रात्री जेवण गेले नाही. त्यात राजगिऱ्याचे लाडू वाचून डोके फिरले. याडीचा राग येतो, बाचा येतो आणि तुझाही येतो. तू बारावी झालीस, साबुदाणा म्हणजे काय हे तुला माहीत नव्हते?

सांगण्याविषयी मी नीट विचार केला आहे. सध्या सांगू नये. होळीपर्यंत महिन्याच्या वर अवधी आहे. तू मनावर घेतलेस तर चार किलो उतरतील, पाळी येईल आणि सांगण्यासारखे काही उरणार नाही. आज सांगितले तर गोष्ट भीमसिंगच्या घरात राहणार नाही, बाजाराच्या दिवशी दहा तांड्यांत जाईल. लोक पीसीओएस म्हणणार नाहीत, वांझ म्हणतील. मग तुला कोण विचारेल? मी काही बाच्या बाजूने बोलत नाही. तो भीतीने लपवतो, मी हिशेबाने थांबतो.

तू फक्त वजनाकडे लक्ष दे. शेंगदाणे मूठभरच, आणि मूठ तुझी, याडीची नाही. चालणे वाढव. गेल्या रविवारचा आकडा तू लिहिला नाहीस. का लिहिला नाहीस?

काळजी करू नको. काळजी करायला मी आहे.

प्रेम


तांडा,
दि. २ मार्च २०२५

भियास नमस्कार. वि. वि. आकडा लिहिला नाही, कारण लिहावासा वाटला नाही.

तू हिशेबाने थांबतोस आणि बा भीतीने लपवतो, यातला फरक मला समजावून सांग. मला तर दोघांच्या तोंडावर एकच कुलूप दिसते. तुझ्या काट्यावर गाडीसुद्धा तोलून झाली की खाली उतरते. मी जानेवारीपासून चढले ती उतरलेच नाही. सकाळी याडी माझ्या ताटाकडे पाहते, दुपारी बा माझ्या कमरेकडे पाहतो, आणि वणीहून तू माझ्या मुठीतले शेंगदाणे मोजतोस. मी कशी आहे, असे तुझ्या दोन्ही पत्रांत एकदाही विचारलेले नाही. पुन्हा वाचून पाहा. तू तर पत्र टाकण्याआधी तीनदा वाचतोस.

आणि वजन उतरल्यावर सांगण्यासारखे उरणार नाही, हे तुला कोणी सांगितले? डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की हे आटोक्यात राहते, मुळासकट जात नाही; जन्मभर सांभाळावे लागते. ते तू दोनदा विचारून घेतले नाहीस. मी लग्नानंतर त्या घरात रोज ज्वारी मागणार, साखर नको म्हणणार, संध्याकाळी चालायला जाणार. तेव्हा कारण काय सांगू? हरवलेले शोधते म्हणून?

तुझा काटा मी अंगणवाडीला देऊन टाकला. नलूला गरोदर बायांचे वजन घ्यायला उपयोगी पडतो. अमरसिंगकाकाला बकऱ्यासह बंदी आहे.

एक गोष्ट सांगायची होती. पाच महिन्यांनी मला पाळी आली. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी. मी मागच्या गुरांच्या कोठ्यात बसून रडले आणि हसले. कोणाला सांगावे तर घरात कोणी नाही. ज्याने दवाखान्यात नेले त्याला सांगावेसे वाटले, पण तो लगेच विचारेल की मग किलो किती?

गूळ तेवीस मार्चला आहे. यायचे तर ये.

रंजिता


तांडा,
दि. २६ मार्च २०२५

ती. भियास,

रंजिताचा नमस्कार. वि. वि. मार्चअखेर म्हणून सुट्टी नाही, ही तुझी चिठ्ठी मिळाली. पाळीचे वाचून आनंद झाला, हे तू त्यात लिहिलेस आणि किलो विचारले नाहीस, म्हणून हे पत्र लिहिते. घडले ते तुला दुसऱ्याकडून कळू नये.

तेवीस तारखेला मांडव घातला होता. दोन्ही तांड्यांचे नायक, पंच आणि भीमसिंगकडची गाडीभर माणसे आली. परात भरून गूळ आणला. विजयमालाबाई गुळाचा खडा घेऊन माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, आ कर वो बेटी. मी तोंड उघडले, पण बोलायला. म्हटले, काकी, हा गूळ खाण्याआधी माझे ऐका.

मग सगळे सांगितले, जसे डॉक्टरबाईंनी सांगितले तसे. पाळी चुकते, कशामुळे चुकते, मी काय खाते, आता आली आहे, पुढेही सांभाळावे लागेल. बा धावत आला आणि पोरीचं डोस्कं फिरलं असे ओरडला. आपल्या नायकाने त्याला धरून बसवले. म्हणाला, रूपसिंग, पोरगी बोलून राह्यली, तिले बोलू दे. विजयमालाबाईंनी विचारले, लेकरू होईन का? मी म्हटले, पुष्कळ जणींना होते, काहींना औषध लागते. मी शब्द देऊ शकत नाही, आणि ज्यांना पाळी वेळेवर येते त्याही देऊ शकत नाहीत. गूळ परातीत राहिला. भीमसिंग उठले, मग सगळे उठले. ऋतिक मान खाली घालून गाडीत बसला. मला वाटले होते, तो एक शब्द तरी बोलेल.

बा माझ्याशी बोलत नाही. याडी रडली, पण रात्री तिने न सांगता ज्वारीच्या दोन भाकरी माझ्या ताटात वाढल्या आणि म्हणाली, खाय, उपाशी नोको राहू.

काल त्यांचा निरोप आला. पोरगी खरे बोलली म्हणून ते अजून तयार आहेत. पण यवतमाळच्या मोठ्या डॉक्टरकडून लेकरू होईल असा दाखला आणायचा, सही-शिक्क्यासह. बा एका पायावर तयार आहे. म्हणतो, प्रेम ओळखीनं आनून देईन.

मला दाखला नको आहे, भिया. मला ते घर नकोच आहे असेही नाही. पण दाखल्यावर मी त्या घरात पाय ठेवणार नाही. त्यांना उत्तर पाठवायचे आहे. बा पाठवणार नाही आणि माझे पत्र ते उघडणार नाहीत. तू लिही. या वेळी हिशेब करू नको.

तुझ्या सहीची वाट पाहणारी,
रंजिता


वणी,
दि. ३१ मार्च २०२५

श्रीमान भीमसिंग चव्हाण यांस,

रूपसिंग राठोड यांचा मुलगा प्रेम याचा जय सेवालाल. वि. वि. आपला निरोप मिळाला. याची एक प्रत माझे वडील व एक प्रत बहीण रंजिता यांस पाठवत आहे, म्हणजे मी काय लिहिले याविषयी कोणाचा गैरसमज होणार नाही.

रंजिताचा आजार आपणांस पहिल्याच भेटीत आम्ही पुरुषांनी सांगायला हवा होता. आम्ही सांगितला नाही. तिने एकटीने सांगितला, तोही भर मांडवात. त्याबद्दल आपण तिची परीक्षा घेत आहात, आमची नाही. हे उलटे आहे.

आपण दाखला मागितला आहे. असा दाखला कोणताही डॉक्टर देत नाही. असा शब्द बाजारात म्हैस विकणारा देतो आणि तोही खोटा निघतो. पैसे टाकून कागद आणता येईल, हे मला ठाऊक आहे. मी आणणार नाही, आणि वडिलांनाही आणू देणार नाही. आपण ऋतिकसाठी असा दाखला आणला आहे काय? आम्ही मागितला नाही, कारण माणसाला माणूस असेच पाहावे, असे आम्हाला वाटत होते. मूल होणे न होणे दोघांचे असते. हे मी दवाखान्यात दोनदा विचारून घेतले आहे.

माझी बहीण दोन वेळा पोटभर जेवते, शेतात राबते, रोज चालते आणि खरे बोलते. तिच्याविषयी आणखी काही विचारायचे असल्यास ऋतिकने स्वतः यावे आणि तिलाच विचारावे, मला नाही, वडिलांना नाही. मनात आले तर ती उत्तर देईल. मोठ्यांना पुढे करून निरोप पाठवायचा असल्यास पाठवू नये.

माझे शिक्षण थोडे आहे. लिहिण्यात चूक झाली असल्यास क्षमा असावी. म्हणण्यात चूक नाही.

कळावे. लोभ ठेवायचा की नाही, ते आपण ठरवावे.

आपला,
प्रेम रूपसिंग राठोड