पोटात पत्रा असलेली गिटार

प्रिय खारूताई,

बाबांचं पत्र म्हटल्यावर तू दचकली असशील. घाबरू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. तुझी आई पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालते आहे आणि दर पाच मिनिटांनी दारातून डोकावून पत्र कुठवर आलं ते बघते आहे. मीही परीक्षेला बसल्यासारखा कागदावर हात आडवा धरून लिहितो आहे. पंधरा वर्षांपूर्वी तुझ्या कॉलेजच्या कार्यक्रमातून मी मध्येच उठून गेलो आणि त्यानंतर तू गिटारीला हात लावला नाहीस, त्याबद्दल मला लिहायचं आहे. पण थेट तिथे गेलो तर माझं घोडं तिथेच अडेल. म्हणून आधी माझी बातमी सांगतो. मी गिटार शिकतो आहे.

हसून झालं असेल तर पुढे वाच. रिटायर झाल्यापासून मागच्या खोलीत मी पत्र्याची किरकोळ कामं करतो, ते तुला ठाऊक आहेच. कुणाच्या डब्याचा पोचा काढ, कुणाच्या झाकणाची कड सरळ कर. पाच महिन्यांपूर्वी वाद्यं दुरुस्त करणारे एक गृहस्थ एक गिटार घेऊन आले. तिच्या छातीवर चाळणीसारखी भोकं पाडलेली चकचकीत गोल तबकडी होती आणि तबकडीला चांगला हाताएवढा पोचा. तबकडी उघडली तर आत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा कोन, लाउडस्पीकरमध्ये असतो तसा. याला रेझोनेटर गिटार म्हणतात. तारांची थरथर त्या पत्र्यावर उतरते आणि आवाज साध्या गिटारीपेक्षा कितीतरी मोठा होतो. चाळीस वर्षं मी पत्रा कापला, दाबला, वाकवला; तो गाऊही शकतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पोचा काढून तबकडी बसवली, वाद्य मांडीवर आडवं घेतलं आणि सहज तारांवरून अंगठा फिरवला. तो आवाज मांडीतून पोटात आणि पोटातून थेट डोक्यात गेला. मी पुन्हा फिरवला, मग पुन्हा. त्या गृहस्थांनी माझं तोंड बघितलं आणि ते वाद्य महिनाभरासाठी माझ्याकडेच ठेवून गेले; ते अजून इथेच आहे. आता तेच माझे मास्तर आहेत.

माझ्यासारख्या ठोंब्याला हे वाद्य सोयीचं आहे. बोटांनी तारा दाबाव्या लागत नाहीत. डाव्या हातात स्टीलची एक कांडी धरायची आणि ती तारांवर ठेवून सरकवायची. सहाही तारा अशा लावलेल्या असतात की नुसत्या मोकळ्या छेडल्या तरी कानाला गोड लागतं. पण मी पडलो कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवरचा माणूस. कांडी एवढ्या जोरात दाबायचो की तारा खालच्या पट्ट्यांवर खणाखण आपटायच्या. वर तिसऱ्याच दिवशी तबकडीखालचा मधला स्क्रू मला सैल वाटला. सैल पत्रा म्हणजे गुन्हा, हे माझ्या हाडामांसात भिनलेलं. मी तो स्क्रू आवळला आणि वाद्य मेलं. मांडीला काही जाणवेना. मी इतका हबकलो की चप्पल न घालता मास्तरांच्या दुकानात गेलो. त्यांनी स्क्रू जरासा ढिला केला आणि सांगितलं, की हा पत्रा कसायचा नसतो, नुसता टेकवून ठेवायचा असतो. सबंध दुकानात मी तेवढा एक अनवाणी उभा होतो, पण आवाज परत आला म्हणून इतकं बरं वाटलं की मला लाजायचंही सुचलं नाही.

तारा जुळवायला एक चिमटा मिळतो. तो गिटारीच्या टोकाला लावायचा. सूर बरोबर लागला की त्यावर हिरवा दिवा लागतो. हा चिमटा माझा फार लाडका. मग एक दिवस मास्तरांनी तो काढून खिशात टाकला आणि विचारलं, की सांगा बघू, या दोन तारांमधली कुठली उतरली आहे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. आयुष्यभर मी असाच चेहऱ्यांकडे बघून उत्तरं दिली आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर उत्तर नव्हतं. मी कांडी खाली ठेवली आणि म्हणालो, "मास्तर, मला नीट ऐकू येत नाही."

खारूताई, हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं. मास्तर एवढंच म्हणाले, "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे." मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तुझी आई सोडली तर कुणालाच मी ते कळू दिलं नव्हतं. तू दहावीत होतीस तेव्हाच प्रेसच्या दणदणाटाने माझे कान गेले होते. कारखान्यात दरवर्षी कानांची तपासणी व्हायची; काचेच्या खोलीत बसायचं आणि आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. माझ्या आधीच्या माणसाला तपासणीनंतर मशीनवरून काढून गेटवर बसवलं होतं. मशीन सुटलं तर मी कोण, हा प्रश्न मला छळायचा. मग मी काचेतून तपासणाऱ्याच्या अंगठ्याकडे बघायचो. त्याने आवाजाचं बटण दाबलं की मीही माझं दाबायचो. घरी आई माझ्या गुडघ्याला हात लावून सांगायची, की आता हस, आता मान हलव. तुझा फोन आला की दोन शब्द बोलून मी "घे, आईशी बोल" म्हणायचो. तुला वाटत असेल, बाबांना माझ्याशी बोलायला काही नसतं. मला फोनवर तुझा आवाज म्हणजे नुसती खरखर ऐकू यायची.

आता त्या दिवसाचं सांगतो. आई तेव्हा मावशीच्या आजारपणासाठी गेली होती, म्हणून मी एकटाच आलो. पहिल्या रांगेत बसलो. तुझी बोटं दिसत होती, लोकांनी टाळ्या वाजवल्या की मीही वाजवत होतो. मग तू माइकवर काहीतरी बोललीस आणि सगळी रांग वळून माझ्याकडे बघायला लागली. मागचेही बघायला लागले. माझ्या हातून काय चूक झाली ते मला कळेना. खुर्ची वाजली का, मी खोकलो का, मोठ्याने बोललो का? तू वाजवायला लागलीस, तरी दोघे-तिघे अजून माझ्याकडेच बघत होते. मला घाम फुटला. मी उठलो आणि मान खाली घालून बाहेर गेलो. शेवटचं जे वाजवणार होतीस ते तू बाबांसाठी बसवलं आहेस, असं तू सांगितलं होतंस, हे मला आठवड्याने आईकडून कळलं. तोवर तू गिटार कपाटावर टाकली होतीस. उठून जाण्याचं खरं कारण तुला सांगितलं असतं, तर कानांचंही सांगावं लागलं असतं. मी भित्रा होतो. तू मला आडमुठा समजलीस, तेच मला सोपं गेलं. याची मला फार लाज वाटते, पोरी.

मास्तरांनीच मला दवाखान्यात नेलं. तिथली बाई हुशार, ती माझ्या पाठीमागे बसली. अंगठा दिसेना, लबाडी संपली. गेल्या सोमवारपासून दोन्ही कानांत मशीन आहे. तुझी आई चहा ढवळताना चमचा केवढा आपटते, हे मला आता कळलं. पंख्याच्या आवाजात इतकी वर्षं तुम्ही झोपत कसे होतात, देव जाणे. सगळ्यात मोठा धक्का म्हणजे माझं स्वतःचं वाजवणं. मला वाटत होतं, बरं चाललं आहे. मशीन लावून ऐकलं, तर कांडी एकदाही धड जागेवर पडत नव्हती. पाच महिने हे सगळं ऐकून आई हूं की चूं बोलली नाही, त्या बाईचे पाय धुवायला हवेत. पण वाईट वाजतंय हे ऐकू येतं, याचाच मला इतका आनंद झाला की मी तासभर तसंच वाईट वाजवत बसलो.

रविवारी तू येणार आहेस. हे सगळं तोंडावर सांगितलं असतं तर तू अर्ध्यातच "जाऊ द्या बाबा" म्हणाली असतीस आणि मीही लगेच जाऊ दिलं असतं. मला ते जाऊ द्यायचं नाही, म्हणून पत्र. येताना तुझी गिटार घेऊन ये. हात बसलेला नसेल, तारा गंजलेल्या असतील, निम्मं विसरली असशील, चालेल. तुझं वाजवणं मी अजून एकदाही ऐकलेलं नाही. ते शेवटचं वाजव. या वेळी मी संपेपर्यंत बसेन.

तुझाच,
उशिरा का होईना, ऐकू येणारा
बाबा