बाबांचं "थांब"

दि. १९, बुधवार दुपार

प्रिय ताई,

तुझं पत्र शनिवारीच मिळालं. उत्तराला चार दिवस लागले याचं तुला नवल वाटेल, कारण घरातला धांदरट मी. आम्ही सगळे ठीक आहोत. विहिरीचं पाणी घरापुरतं आहे. तांबडी गाय तुझी आठवण काढून हंबरते, असं मी मुलांना सांगतो. खरं म्हणजे ती भुकेनं हंबरते.

तू विचारलंस, गवताचं काय झालं. वाया गेलं.

दोन महिन्यांपूर्वी कुरणातलं गवत जेमतेम गुडघ्याएवढं होतं आणि तेवढ्यातच त्याला तुरे आले. पावसाचा पत्ता नाही. लगेच कापलं तर भारे निम्मेच, पण वैरण कसाची. थांबलो आणि एखादी सर आली तर दुप्पट. नाही आली तर नुसत्या काड्या. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "कापून मोकळा हो." पण असलं काही मी कधी ठरवलंय का? ते बाबांचं काम. गवताची काडी बोटाला गुंडाळून बघायचे. नखाला हिरवं लागलं तर अजून वेळ आहे, काडी मोडली तर उशीर झाला. मी विळा घेऊन निघालो की मागून "थांब" ठरलेलं. एकदा ते परगावी असताना मी न विचारता कापलं आणि ओली गंजी रचून सगळी कुजवली, आठवतं ना? तेव्हापासून मी त्यांना विचारल्याशिवाय विळ्याला हात लावला नाही.

बाबांची वाचा गेली हे तुला कळवलं होतं. एक शब्द तेवढा उरला होता, हे कळवायचं राहिलं. "थांब." तो ऐकून मला केवढा आनंद झाला होता. रोज सकाळी मूठभर गवत घेऊन त्यांच्या खोलीत जायचो, पलंगाच्या कडेला टेकायचो, काडी त्यांच्या बोटाला गुंडाळायचो. "कापू का, बाबा?" ते माझ्याकडे बघत राहायचे. मी उठलो की म्हणायचे, "थांब." बरं, आज नको, असं म्हणून मी कामाला पळायचो.

दहाव्या दिवसापासून काडी मोडायला लागली. मला दिसत होतं. पण बाबा थांब म्हणतायत म्हणजे त्यांना पावसाचं काही कळलं असेल, असं मी धरून चाललो. असे बावीस दिवस गेले.

तेविसाव्या दिवशी दारातूनच सांगितलं, "बाबा, आज कापतोय." ते म्हणाले, "थांब." मग पुन्हा, "थांब." मी म्हटलं, "आता नाही थांबत." आणि निघालो. दुसरा भारा बांधत होतो तेव्हा बायको कुरणाच्या कडेनं पळत आली.

तू आल्यावर मला विचारलंस, शेवटी काही बोलले का. मी नाही म्हणालो. खोटं बोललो, ताई. माझंच चुकलं नाही ना, एवढीच भीती होती तेव्हा.

रोज सकाळी त्यांचं अंग पुसायला यायच्या त्या नर्सबाई गेल्या आठवड्यात उरलेली औषधं न्यायला आल्या. म्हणाल्या, "काम आटपून मी पिशवी उचलली की 'थांब' म्हणायचे. मग मी पाच मिनिटं हात धरून बसायचे. झोप लागायची त्यांना."

मी विचारलं, "आणि मी गवत दाखवायचो तेव्हा?"

"गवताला कुठे काय म्हणायचे? तुम्ही उठलात की म्हणायचे."

त्या गेल्यावर मी त्या रिकाम्या पलंगावर जाऊन बसलो. तेवीस दिवस माझा बाप मला जवळ बस म्हणत होता, आणि मी गवत बघत होतो. फार लाज वाटते. त्याहून जास्त त्यांची आठवण येते.

बाकीच्या गाई मामांकडे पाठवल्या. तांबडीला ठेवलं. ती काड्या हुंगते आणि तोंड फिरवते.

तू रागावशील. रागाव, पण एकदा ये. निघताना तू पिशवी उचललीस की मी एक शब्द म्हणेन. तेव्हा कुरणाकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ.

तुझी वाट बघत असलेला,
धांदरट